सोमवारची गोळी

शनिवार, १ नोव्हेंबर
झोप ठीक. चक्कर नाही. भास नाही. ✓

नवी खोली, नवी नोकरी, नवी वही. माणसाला आणखी काय पाहिजे? बायको आणि लेक पाहिजे. पण ते या वहीवरच अवलंबून आहे, म्हणून वहीपासून सुरुवात.

आज सकाळी महाळुंग्यात दाखल झालो. चाकणच्या रस्त्याला कंटेनरची अशी रांग लागली होती की रिक्षावाल्यानं हात टेकले आणि मी लोखंडी ट्रंक खांद्यावर मारून शेवटचे दोन किलोमीटर चालत आलो. फौज सोडून चार वर्षं झाली, पण खांदा अजून शाबूत आहे हे कळलं. बरं वाटलं.

खोली सरुबाई वहिनींची. त्यांचे मालक मुरारी माझ्याच पलटणीत होते. आठ वर्षांपूर्वी आम्ही दोघं शांतिसेनेच्या मोहिमेवर आफ्रिकेत गेलो. मी परत आलो, मुरारी आला नाही. वहिनींच्या जमिनीचा निम्मा तुकडा कारखान्यात गेला, उरलेल्यावर कामगारांसाठी सात खोल्यांची चाळ आहे. त्यातली कोपऱ्यातली, खिडकीत शेवग्याचं झाड असलेली खोली मला दिली. जेवणाचा डबा घेऊन स्वतः आल्या. मी संकोचलो तर म्हणाल्या, भाऊजी, त्यांच्या पलटणीतला माणूस हाय तुमी, परक्यावानी वागू नका. पिठलं इतकं झणझणीत होतं की डोळ्यांतून पाणी आलं. पिठल्यानंच आलं असं म्हणू.

आता वही. मोहिमेवर असताना मलेरिया होऊ नये म्हणून आम्हाला दर सोमवारी एक गोळी दिली जायची. मलेरिया झाला नाही. पण त्या गोळीनंतर कुणाच्या कानात कायमची शिट्टी बसली, कुणाला चकरा येऊ लागल्या, कुणाला नसलेली माणसं दिसू लागली. आम्ही पाच जवान आणि मुरारीच्या वतीनं सरुवहिनी, अशा सहा जणांनी मिळून दावा लावला आहे. सुनावणी दोन डिसेंबरला, मंगळवारी. आमचे निरंजन वकील म्हणाले की डॉक्टरांना दाखवायला रोजची नोंद पाहिजे: झोप कशी, चक्कर आली का, भास झाला का. पान फाडायचं नाही, खाडाखोड करायची नाही.

मी पक्का फौजी. एका बैठकीत सात डिसेंबरपर्यंतच्या सगळ्या पानांवर तारखा टाकल्या, प्रत्येक तारखेखाली 'झोप ठीक, चक्कर नाही, भास नाही' लिहिलं आणि पुढे टिकही मारून ठेवली. रोज उठून तेच तेच कोण लिहीत बसणार? वेगळं काही घडलं तर खाली लिहू. 'सब ठीक' ही तर आमची मातृभाषा.

सोमवार, ३ नोव्हेंबर
झोप ठीक. चक्कर नाही. भास नाही. ✓

नोकरीचा पहिला दिवस. गाड्यांचे पत्र्याचे भाग ठोकणारा कारखाना आहे आणि मी त्यातल्या प्रथमोपचार खोलीचा राजा. राज्यात एक खाट, एक कपाट, डोळे धुवायचं एक भांडं आणि एक रजिस्टर. पलटणीत नर्सिंग असिस्टंट होतो, त्यामुळे काम तोंडपाठ. बोट कापलेले तीन आले, डोकं दुखणारे अकरा. त्या अकरांपैकी नऊ जणांना लाइनवरून पाच मिनिटं सुटका हवी होती, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

सिक्युरिटीचा बंटी भेटला. चाळिशीचा, पोट सुटलेला, बोलघेवडा. कोपऱ्यातला कॅमेरा दाखवून म्हणाला, भाऊ, इथं जांभई दिली तरी मला गेटवर दिसते.

एक गंमत. इथे माणूस गोळी घेतो आणि खिशात टाकून निघून जातो. पलटणीत असं चालायचं नाही. सोमवारी नाश्त्यानंतर अख्खी कंपनी रांगेत. तळहात पुढे, गोळी, घोटभर पाणी, तोंड उघड, जीभ वर. जिभेखाली काही नाही हे मी बघायचो, मगच नावापुढे टिक. आज सवयीनं एका कामगाराला 'जीभ वर' म्हणालो. तो बिचारा घाबरून पळाला.

कानातली शिट्टी आहेच. तिला आता घरचीच समजतो.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
झोप ठीक. चक्कर नाही. भास नाही. ✓

दिपालीचा फोन आला. बायको माझी. माहेरी कळंबला आहे, दोन वर्षं झाली. लेक पिंकी फोनवर आली नाही. मी आग्रह केला नाही.

वकील म्हणाले आहेत सगळं लिहा, तर लिहितो. दोन वर्षांपूर्वीची एक दुपार, पिंकी पाच वर्षांची होती. मी डुलकी काढून उठलो, एवढं आठवतं. भानावर आलो तेव्हा माझा पंजा तिच्या जबड्यावर होता आणि मी तिची जीभ वर करून बघत होतो. ती रडतही नव्हती. दिपाली दारात उभी. दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. जाताना दिपाली एकच म्हणाली, हे तुम्ही केलं की त्या औषधानं, ते कुणीतरी मोठ्या माणसानं कागदावर लिहून द्यावं, उपचार सुरू व्हावेत, मग मी येते.

मला तो कागद पाहिजे. माझा दावा म्हणजे एवढंच आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर
झोप ठीक. चक्कर नाही. भास नाही. ✓

कासारवाडीला वकिलांच्या ऑफिसात गेलो. स्टेशन इतकं जवळ की गाडी गेली की टेबलावरचा चहा थरथरतो. समोरच्या पक्षाचं म्हणणं आहे की गोळ्या दिल्या असतील, पण या लोकांनी त्या गिळल्या याला पुरावा काय? पुरावा आहे. गोळ्यांच्या रजिस्टरची प्रत वकिलांनी मिळवली आहे. अक्षर माझं.

मी प्रतिज्ञापत्रावर सही केली. त्यातलं वाक्य असं आहे: 'या रजिस्टरातील प्रत्येक खुणेमागे मी स्वतः त्या जवानाला गोळी गिळताना पाहिले आहे.' शपथेवर.

सही करण्याआधी माझी नजर मुरारीच्या ओळीवर गेली. त्या महिन्यात पाच सोमवार. पाचांपुढे टिक. पहिल्या सोमवारनंतरच्या गुरुवारी मुरारी बुटांसकट नदीत चालत गेला. नदीकाठी वाढलेला माणूस, पाण्यात मासोळीसारखा. हात मारला नाही. कागदोपत्री 'स्वतःच्या मर्जीने' असं लागलं आणि गावात लोक त्याला पळपुटा म्हणाले.

उरलेल्या चार खुणा मी महिन्याच्या पहिल्या तारखेलाच मारून ठेवल्या होत्या. सगळ्यांच्याच. तपासणीला रजिस्टर तयार दिसायचं, कोरा रकाना दिसला की साहेबांचं टाळकं फिरायचं. मुरारीच्या खुणा खोडायच्या राहून गेल्या.

वकिलांचं लक्ष नव्हतं. मी सही केली. म्हटलं, कोण बघतंय.

सोमवार, १० नोव्हेंबर
झोप ठीक. चक्कर नाही. भास नाही. ✓

अकराच्या चहानंतर रांग लागली. सातवा माणूस हेल्मेट आणि मास्क घातलेला. काही बोलला नाही, तळहात पुढे केला. मी डोकेदुखीची गोळी ठेवली. त्यानं मास्क खाली केला, पाण्याशिवाय गोळी गिळली, तोंड उघडलं आणि जीभ वर केली.

मी टिक मारली. हात आपोआप गेला.

तो गेल्यावर लक्षात आलं की मी त्याला जीभ वर कर म्हणालोच नव्हतो. रजिस्टरात टिक आहे, नाव नाही, टोकन नंबर नाही. गोळी देताना बोटं टेकली होती ती ओली झाली होती. मशीन गार ठेवायचं कूलंट लागलं असेल, मशीनवरच्यांचे हात ओलेच असतात.

पण जीभ वर करून दाखवणारा इथे कोण? कुणी माजी फौजी असेल. उद्या विचारू.

बुधवार, १२ नोव्हेंबर
झोप ठीक. चक्कर नाही. भास नाही. ✓

विचारलं. कारखान्यात माजी फौजी मी एकटाच.

झोप ठीक नाही. वर ठीक लिहिलंय ते चूक आहे.

सोमवार, १७ नोव्हेंबर
झोप ठीक. चक्कर नाही. भास नाही. ✓

आज सकाळपासून पाळत ठेवून होतो. रांगेतल्या प्रत्येकाला नाव विचारलं. दहा जण आले, दहा नावं लिहिली. मान वर केली तर अकरावा उभा. तळहात पुढे.

नाव विचारलं. त्यानं नंबर सांगितला. टोकनचा नाही. फौजेतला, मुरारीचा. तो नंबर मी शंभर वेळा लिहिलेला आहे, अजून पाठ आहे.

मास्क खाली गेला. वरचा पुढचा दात अर्धा तुटलेला. व्हॉलीबॉल खेळताना तुटला होता, मीच कापूस लावला होता. गोळी गिळली, तोंड उघडलं, जीभ वर.

भरदिवसा. बाहेर पत्रा ठोकणाऱ्या प्रेसचा दणदणाट चालू आहे, लोक डबे उघडतायत, आणि मी खाटेवर बसून हे लिहितोय. हे गोळीमुळे आहे. याला भास म्हणतात. डॉक्टरांना दाखवायला चांगलंच झालं की. पुरावाच मिळाला.



मंगळवार, १८ नोव्हेंबर
झोप ठीक. चक्कर नाही. भास नाही. ✓

बंटीनं गेटवर बोलावून कालचं चित्रण दाखवलं. आधी हसत होता. खोलीत मी एकटा. मी कुणाला तरी गोळी देतो, समोर कुणी नाही. मग गोळी माझ्याच तोंडात जाते. मग माझंच तोंड उघडतं, जीभ वर होते, आणि मी तसाच उभा राहतो. बराच वेळ. मग टेबलाकडे वळून टिक मारतो.

बंटीचं हसू गेलं. म्हणाला, भाऊ, तोंड कुणाला दाखवत होतात? मी म्हणालो, दात दुखतोय. त्यानं चित्रण पुसलं. म्हणाला, वर कळलं तर नोकरी जाईल राव, एकदा डॉक्टरला दाखवा.

शनिवार, २२ नोव्हेंबर
झोप ठीक. चक्कर नाही. भास नाही. ✓

कासारवाडी. निरंजन वकिलांनी मुरारीच्या चार खुणा शोधल्या. मृत्यूचा दाखला आणि रजिस्टर शेजारी ठेवून माझ्याकडे सरकवलं. मी सगळं सांगितलं. आधीच खुणा मारून ठेवायची सवय. आणि पहिल्या सोमवारचंही सांगितलं, जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या सोमवारी मुरारी रांगेतून बाहेर सरकला होता. म्हणाला, भावा, ही गोळी घेतली की खाटेच्या पायथ्याशी एक माणूस उभा राहतो. कानात शिट्टी वाजते ती थांबत नाही. एवढी एक सोड. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. मी डाव्या हातानं त्याचा जबडा धरला, उजव्या हातानं गोळी घातली, नाक दाबलं. गिळेपर्यंत. मग टिक मारली. ती एक खूण खरी आहे. देवाशपथ खरी आहे.

वकील म्हणाले, समोरचा पक्ष या चार खुणा काढणारच, मग अख्खं रजिस्टर खोटं ठरेल. वाचवायचा एकच मार्ग आहे. दोन तारखेला तुम्ही उभं राहून हे जसंच्या तसं सांगा. वहिनींचा दावा टिकेल, मुरारीवरचा डाग जाईल. तुमचा दावा मात्र जाईल, खोट्या शपथेचं प्रकरण होईल ते वेगळं. खोटं मी चालवणार नाही.

म्हणजे वहिनींना कागद मिळाला तर मला मिळणार नाही.

वहीही बघायला मागितली. आजारी आहात आणि रोज ठीक लिहिता, म्हणून ओरडले. खाली खरं लिहिलंय ते बोट ठेवून वाचलं. पुढची पानं मी तळहाताखाली झाकून धरली. ती आधीच भरलेली बघितली असती तर वहीही रजिस्टरसारखी खोटीच म्हणाले असते.

सोमवार, २४ नोव्हेंबर
झोप ठीक. चक्कर नाही. भास नाही. ✓

आला. या वेळी हेल्मेट नव्हतं.

जबड्यावर निळे वळ. उजव्या गालावर चार बोटं, डाव्या गालावर अंगठा. मी डावा हात वर केला — का केला माहीत नाही — बोटं बरोबर बसली. गाल गार होता. पाण्यातून काढलेल्या कपड्यासारखा.

आता कळलं. खुणा चार आहेत. मी शपथेवर सांगितलं की प्रत्येक खुणेमागे माणूस होता. माणूस नव्हता, म्हणून त्याला यावं लागतंय. माझ्या अक्षरानं त्याला हजर लावलं आहे. ज्याच्या नावापुढे आधीच टिक पडली, त्याची सुटका नाही.

तीन झाल्या. एक उरली. पहिली डिसेंबर.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर
झोप ठीक. चक्कर नाही. भास नाही. ✓

दिपालीला फोन केला. सांगितलं की कागद कदाचित मिळणार नाही. का, ते सांगितलं. मुरारीच्या जबड्याचंही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, खरं बोलून या. कागदाचं मग बघू. मंगळवारी मी पिंकीला घेऊन येते.

मी रडलो. लिहायला लाज वाटत नाही.

फक्त सोमवार निभवायचा आहे.

रविवार, ३० नोव्हेंबर
झोप ठीक. चक्कर नाही. भास नाही. ✓

दुपारी वहिनी ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. जबडा, नाक, सगळं. त्यांचे हात थांबले नाहीत.

म्हणाल्या, मला ठावं हाय. बुधवारी फोन आल्ता त्यांचा. म्हनले, गणराजनं जबडा धरला, पर त्याच्यावर राग धरू नगंस, त्याला वरून हुकूम आसंल. मी बाईमानूस, फोनवर काय ऐकलं ते कोन मानतंय? आठ वर्सं वाट बघितली. तुमच्या तोंडून यावं म्हून खोली दिली.

हुकूम नव्हता, मी म्हणालो. कोऱ्या रकान्याची भीती होती फक्त.

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, ह्ये बी सांगा. माझ्याम्होरं न्हाई. तितं.

व्हय म्हणालो. मग त्यांनी मला शेंगा सोलायला दिल्या.

सोमवार, १ डिसेंबर
झोप ठीक. चक्कर नाही. भास नाही. ✓

सकाळी दहा. कपाटातल्या सगळ्या गोळ्या बंटीकडे नेऊन दिल्या. खोलीत एकही गोळी नाही. दाराला आतून कडी.

उद्या काही झालं तर हे असावं म्हणून लिहितो. मी, माजी हवालदार गणराज टेकाळे, खरं सांगतो की मुरारीनं पहिल्या सोमवारची गोळी गिळली. मी त्याला गिळायला लावली. तो नको म्हणत होता. पुढच्या चार खुणा खोट्या, मी आधीच मारलेल्या. माझं प्रतिज्ञापत्र खोटं. मुरारी पळपुटा नव्हता.

लिहून झालं. हलकं वाटतंय. कानातली शिट्टी थांबली — आठ वर्षांत पहिल्यांदा —

प्रेस पण थांबलेत. अकरा वाजले.

कडी लावलेली आहे. तो आत आहे.

तळहात पुढे नाही. मूठ. मूठ उघडतोय — गोळी त्यानंच आणलीये — पांढरी — ती सोमवारचीच —

बोलला. तोंड उघड म्हणाला. माझ्याच आवाजात.

दिपाली उद्या येणार आहे. पिंकी —

वही. पुढची पानं! उद्या, परवा, सात तारखेपर्यंत — माझ्याच अक्षरात, टिक मारलेली — ती बघितली की वरचं सगळं खोटं ठरेल, वहिनींचंही — आणि मला पण, त्याच्यासारखं, रोज हजर व्हावं लागेल — घरी — पिंकीसमोर — आधी ती खोडली पाहिजेत, आत्ता, एकेक — त्याचा हात — थांब भावा, एवढं एक पान उलटू दे, एवढी एक —

मंगळवार, २ डिसेंबर
झोप ठीक. चक्कर नाही. भास नाही. ✓

बुधवार, ३ डिसेंबर
झोप ठीक. चक्कर नाही. भास नाही. ✓

गुरुवार, ४ डिसेंबर
झोप ठीक. चक्कर नाही. भास नाही. ✓